अंदमानचे किनारे: आधी भरती-ओहोटीचं पत्रक, मग सहलीचा आराखडा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी नाशिकहून निघायचं आणि सहा रात्री अंदमानात काढायच्या. बरोबर ६९ वर्षांचे सासरे, त्यांचे गुडघे दुखतात; ६४ वर्षांच्या सासूबाई; ११ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. मुलगी टँकमध्ये पोहते, बाकी कुणालाच पोहता येत नाही. एजंटने सात दिवसांत अकरा बीच लिहून दिलेत. त्यातले कुठले ठेवायचे, कुठले गाळायचे, आणि पाण्यात उतरावं की नुसतं बघून यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी मालवणचा. २०११ पासून दर हंगामात अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर स्कूबा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर लावून पाण्याखाली पोहणं, शिकवतो. (२०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं आणि शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तिकिटांवर नवी नावं दिसतील, बोलण्यात मात्र अजून जुनीच चालतात, म्हणून मीही जुनीच वापरतो.) तुमच्यासारखी कुटुंबं दर दिवाळीत भेटतात. त्यातली निम्मी किनाऱ्यावर उभी राहून मला एकच विचारतात: फोटोत तर निळंशार पाणी होतं, इथे हे काळे खडक कुठून आले?

खरी अडचण त्या प्रश्नात आहे. तुमच्या यादीत अकरा नावं आहेत, पण एकापुढेही वेळ लिहिलेली नाही. अंदमानचे बरेचसे किनारे सहा तासांत ओळखू येणार नाहीत इतके बदलतात. आपण कोकणातल्या किनाऱ्यांवर वाढलेली माणसं. तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला ओहोटी लागली की वाळू रुंद होते, पाणी थोडं लांब जातं, एवढाच फरक आपल्या डोक्यात असतो. इथे बहुतेक बेटांना प्रवाळाची झालर आहे. किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मीटर, काही ठिकाणी त्याहून लांबपर्यंत, मेलेल्या प्रवाळाचा सपाट खडक पाण्याखाली पसरलेला असतो. भरतीला त्यावर छाती-कमरेएवढं पाणी चढतं आणि खालच्या पांढऱ्या वाळूमुळे ते हिरवं-निळं दिसतं. ओहोटीला तेच पाणी निघून जातं, खडक उघडा पडतो आणि अनवाणी चालताही येत नाही. हॅवलॉकचा बीच नंबर पाच, म्हणजे विजयनगर, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. सकाळी खोलीतून समुद्र दहा पावलांवर दिसला म्हणून माणसं खूश होतात, दुपारी पोहायचे कपडे घालून येतात आणि समोर चिखल, खडक आणि खेकडे. यात हॉटेलवाल्याची काहीच चूक नसते. पाणी त्याच्या वेळेला गेलेलं असतं.

म्हणून मी पाहुण्यांना पहिलं काम सांगतो ते भरती-ओहोटीचं पत्रक मिळवायचं. इंटरनेटवर पोर्ट ब्लेअरच्या नावाने शोधलं की तारीखवार वेळा मिळतात. हॅवलॉक आणि नील जवळच आहेत, त्यामुळे सहलीपुरत्या त्याच वेळा धरल्या तर चालतात. आमच्याकडे मालवणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. हा आडाखा कोकणपट्टीचा आहे, अंदमानात तो लावू नका. चंद्र डोक्यावर आल्यापासून किती वेळाने भरती होते ते प्रत्येक बंदराचं वेगळं असतं, म्हणून तिथल्याच वेळा बघायला हव्यात. पण तिथीचा एक उपयोग सगळीकडे सारखाच होतो: उधाण (भरती-ओहोटीत सगळ्यात जास्त फरक असतो ते दिवस) कधी आणि भांग (सगळ्यात कमी फरक असतो ते दिवस) कधी, ते पंचांगावरून कळतं. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हेही सगळीकडे सारखंच.

दिवाळीचा फायदा इथे आहे. लक्ष्मीपूजनाला अमावास्या. अमावास्येनंतर दीड-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं असतं, म्हणजे पाडवा-भाऊबीजेच्या आसपास. अशा वेळी पोर्ट ब्लेअरला भरती आणि ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. मुंबईच्या मानाने हा आकडा कमी आहे, पण सपाट प्रवाळावर दोन मीटर म्हणजे खूप झाले. तुम्ही तृतीयेला उतरणार आणि नवमीच्या सुमारास परत निघणार. पहिले दोन-तीन दिवस ओहोटी खोल जाईल, नंतर भांग लागेल आणि पाणी ना फार चढेल, ना फार उतरेल. यावरून मी तुमचा क्रम बदलतो. एजंटने आधी हॅवलॉक आणि नंतर नील असं लिहिलंय. तुम्ही आधी नीलला जा. कारण पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटं होतात, आणि घड्याळ मात्र देशभर एकच. त्यामुळे दिवाळीच्या दिवसांत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आसपास बुडतो. डोक्यावर ऊन येतं ते बाराला नाही, अकराच्या सुमारास. नाशिकच्या सवयीने आठला उठून, नाश्ता करून दहाला बाहेर पडलात तर अर्धा दिवस गेलेला असेल. आणि ‘दुपारी चारला बीचवर जाऊ’ म्हणालात तर हातात तासभर उरतो. पाण्याचा तो फोटोतला रंग हवा असेल तर सकाळी नऊ ते बाराच्या मधलं ऊन लागतं, कारण किरणं सरळ खाली जातात. तुमच्या घरात म्हातारी माणसं आहेत, ती तशीही पहाटे उठत असतील. त्यांच्याच वेळापत्रकाने चला. पाचला चहा, सहाला बाहेर, बाराला जेवण, दोन तास झोप, मग सूर्यास्त.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगतो. दिवाळीचे दिवस तिथे ऋतू पालटण्याचे असतात. पावसाळा परतत असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, कधी त्यांचं वादळही होतं. काही वर्षी आठवडाभर समुद्र काचेसारखा असतो, काही वर्षी दोन दिवस बोटी बंद राहतात. आधी कुणीच खात्री देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. उपाय एकच आहे: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. हॅवलॉकहून सकाळची बोट पकडून त्याच दिवशी दुपारी विमान, असा जो बेत तुमच्या यादीत आहे तो आजच खोडा. बोट रद्द झाल्यामुळे सहा जणांची विमानाची तिकिटं बुडालेलं एक कुटुंब मी जेटीवर बसलेलं पाहिलंय. त्यांच्याही आजोबांना गुडघ्यांचा त्रास होता, आणि रात्री राहायला खोलीही मिळत नव्हती.

वाऱ्याचाही विचार करा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर मोठ्या लाटा आणतो. नोव्हेंबर लागला की वारा ईशान्येकडून यायला लागतो आणि मग पश्चिमेची बाजू आडोशाला येते. म्हणजे तुमच्या दिवसांत हॅवलॉकचं राधानगर आणि नीलचं लक्ष्मणपूर बहुधा शांत, तर हॅवलॉकचं काळापत्थर आणि नीलचं सीतापूर थोडे खवळलेले. म्हणून पूर्वेकडचे किनारे सूर्योदय बघायला ठेवा, पाण्यात उतरायला पश्चिमेकडे जा. प्रत्यक्ष तिथे पोचल्यावर वारा वेगळा दिसला तर अर्थातच बेत बदलायचा.

आता नील. छोटं, सपाट, भातशेती आणि भाजीपाल्याचं बेट आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथे जमिनी दिल्या, त्यामुळे गावात बंगाली ऐकू येईल. किनाऱ्यांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत जाता येतं. आजी-आजोबांसाठी हॅवलॉकपेक्षा हे बेट सोपं आहे, म्हणून दोन रात्री इथे काढा.

लक्ष्मणपूर नंबर दोन या किनाऱ्यावर नैसर्गिक खडकाचा पूल आहे. गाववाले त्याला हावडा ब्रिज म्हणतात. तो फक्त ओहोटीत बघायचा असतो, आणि ओहोटी जितकी खोल तितका चांगला. म्हणून मी नीलला आधी घेतलं. चतुर्थी-पंचमीला तिथे खडकातल्या डबक्यांत अडकलेले रंगीत मासे, समुद्रकाकड्या, छोटे खेकडे, जिवंत प्रवाळाचे तुकडे तुमच्या मुलांना वाकून बघता येतील. अष्टमीच्या भांगाला गेलात तर त्यातलं बरंच पाण्याखालीच राहील. पत्रकात ओहोटीची वेळ बघा आणि त्याच्या दीड तास आधी तिथे पोचा. पाणी उतरत असताना पुढे जायचं, आणि ओहोटीची वेळ उलटून अर्धा-पाऊण तास झाला की परत फिरायचं. हे अंतर का पाळायचं ते समजून घ्या. सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बाराव्या हिश्श्याने वाढतं, माणसाला वाटतं अजून खूप वेळ आहे. मग तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी चढतं. दोन मीटरच्या उधाणात म्हणजे त्या दोन तासांत मीटरभर.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०१३ साली मालवणच्याच एका ओळखीच्या कुटुंबाला मी तिथे घेऊन गेलो होतो. जेवायला उशीर झाला आणि आम्ही ओहोटी उलटून दोन तासांनी पोचलो. मी म्हणालो, पटकन बघून येऊ. परत फिरताना पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं, खालचे खडक दिसत नव्हते. त्यांच्या आईंचा पाय दोन खडकांच्या मधे गेला आणि घोट्याच्या वर प्रवाळाने चांगलंच कापलं. प्रवाळाची जखम वरून छोटी दिसते, पण तिच्यात बारीक कण अडकतात आणि ती चिघळते. ती भरायला पाच आठवडे लागले. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून ओहोटी उलटून तास गेला असेल तर मी कुणालाही तिथे नेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तुमच्या सासऱ्यांबद्दलही स्पष्टच सांगतो: त्यांनी पुलापर्यंत जाऊ नये. खडक शेवाळाने निसरडे असतात, वर-खाली पाय टाकावा लागतो. वरच्या बाजूला झाडांच्या सावलीत नारळपाण्याची दुकानं असतात. ते आणि आजी तिथे बसतील. तुम्ही दोघं मुलांना घेऊन जा. सगळ्यांच्या पायात मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल हव्यात, चपला नकोत.

भरतपूर याच्या अगदी उलट. जेटीला लागूनच आहे, पाणी उथळ, तळ वाळूचा आणि प्रवाळाचा. इथे भरती हवी. पाणी अर्ध्याच्या वर चढलेलं असताना सकाळी नऊ ते अकराच्या उन्हात काचेच्या तळाच्या बोटीत बसा. आजी-आजोबांना प्रवाळ आणि मासे दाखवण्याचा याहून बरा मार्ग माझ्या माहितीत नाही. कपडे भिजत नाहीत, वाकावं लागत नाही. बोटीवाल्याला आधीच विचारा की चढताना पाट किंवा शिडी आहे का. पत्रकात सकाळी ओहोटी येत असेल तर बोट दुसऱ्या दिवसावर ढकला. लक्ष्मणपूर नंबर एक हा किनारा सूर्यास्तासाठी. सीतापूर सूर्योदयासाठी, तेही आजोबांना वाटलं तरच, कारण उतरायला पायऱ्या आहेत.

मग हॅवलॉक, दोन रात्री. इथे राधानगरला दोन संध्याकाळी द्या, एक नव्हे. २००४ साली टाइम मासिकाने या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं आणि २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला, हे सगळे एजंट सांगतात. मला तो वेगळ्या कारणासाठी तुमच्या कुटुंबाकरता योग्य वाटतो. मधल्या पट्ट्यात तळ स्वच्छ वाळूचा आहे, प्रवाळाचा खडक नाही, आणि उतार हळूहळू आहे. त्यामुळे भरती असो की ओहोटी, इथे पायाला लागत नाही. मागे उंच महुआची झाडं आहेत (आपल्याकडचा मोहाचा महुआ नव्हे, अंदमानातलं त्याच नावाचं दुसरं झाड), त्यांच्या सावलीत आजी-आजोबा बसतील. कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहं आहेत. जीवरक्षक असतात आणि अंधार पडायला लागला की शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढतात. साडेतीनला पोचा, म्हणजे पाण्यात तासभर मिळेल आणि सूर्यास्तही मिळेल.

दोन गोष्टी मात्र पाळायच्या. पहिली, किनाऱ्याच्या टोकांकडे, जिथे ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते तिथे, पाण्यात उतरायचं नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. त्या खारफुटीच्या खाड्यांत राहतात आणि समुद्रातूनही पोहत जातात. २०१० साली राधानगरजवळ नील्स कोव्ह भागात स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखाली बघणं) करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा घटना फार क्वचित घडतात आणि मुलांना हे सांगून घाबरवायची गरज नाही. पण पाटी लावलेली असेल, जीवरक्षक नको म्हणत असेल, किंवा संधिप्रकाश झाला असेल, तर वाद घालायचा नाही, बाहेर यायचं. पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरच्या किनाऱ्यावर तर जाळी लावून पोहायचा पट्टा वेगळा केलेला आहे.

दुसरी गोष्ट लाटांची. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा सपाट, गडद आणि शांत दिसतो. न पोहणारी माणसं तिकडेच जातात, कारण तिथे लाट नसते. पण आत आलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जात असतं, आणि ते माणसालाही नेतं. उलट, जिथे पांढरा फेस येतोय तिथे उभं राहणं बरं. मुलांना मांडीच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, आणि दोन मुलांमागे दोन मोठी माणसं पाण्यात हवीत, किनाऱ्यावर फोटो काढणारी नव्हेत. मुलगी टँकमध्ये पोहते याचा मला आनंद आहे, पण तिला मी न पोहणारीच धरतो. टँकमध्ये तळ दिसतो, भिंत असते, लाट नसते. प्रवाहात सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचा हट्ट करायचा नाही, पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकायचं. हे तिला घरीच दोनदा समजावून सांगा.

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला मुलांना न्याच. जेटीवरून डुंगी (छोटी होडी) किंवा स्पीडबोटीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पूर्वी इथे जंगलातली लाकडं ओढायला हत्ती वापरत, त्यावरून नाव पडलं. किनाऱ्यावर पांढरे पडलेले मोठाले वृक्ष आडवे दिसतील. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खाली गेली आणि समुद्र कितीतरी ठिकाणी जंगलात आणि शेतात शिरला. पोर्ट ब्लेअरहून वंडूरला जाताना सिपीघाटला रस्त्यालगत जे खारं पाणी दिसतं, तिथे आधी भातशेती होती. मुलीला शाळेत भूगोल आहे, तर तिला हे जरूर दाखवा. आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा: किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हलली किंवा ओहोटीची वेळ नसताना पाणी भलतंच मागे गेलं, तर सामान सोडून उंचावर जायचं.

एलिफंटला जंगलातून चालतही जाता येतं, पण पावसानंतर ती वाट चिखलाची असते, तुम्ही बोटीनेच जा. आजोबांना नेऊ नका. बोटीतून गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरावं लागतं आणि परत चढताना हातांवर जोर द्यावा लागतो. त्या सकाळी आजी-आजोबा हॉटेलवर आराम करतील. पहिल्या बोटींपैकी एक पकडा, नंतर गर्दी होते. मगर दिसल्याची खबर आली किंवा वारा वाढला की हा बीच बंद ठेवतात. तसं झालं तर बदली म्हणून दुसरं काही शोधत फिरू नका, राधानगरला सकाळी जा. सकाळी तिथे माणूस नसतो.

स्नॉर्कलिंग पोहता न येणाऱ्यालाही करता येतं, कारण गाईड रिंग धरून नेतो. पण माझी एक पद्धत सांगतो. खोल पाण्यात जायच्या आधी गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं बसून नुसता मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय करा. बहुतेकांना भीती पाण्याची वाटत नाही, नाक बंद झाल्याची वाटते, आणि ती या दहा मिनिटांत जाते. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. ७ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं जॅकेट घालून पट्टे आवळलेले मी नेहमी बघतो. त्यात मूल पाण्यात पडलं तर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली जातं. त्याच्या मापाचं नसेल तर त्या दिवशी त्याला पाण्यात उतरवू नका. स्कूबाला बहुतेक केंद्रं १० वर्षांखाली घेत नाहीत. मुलीला चालेल, पण तिला स्वतःला हवं असेल तरच. सर्दी झाली असेल तर अजिबात नाही, कान दुखतात. तुम्ही डाइव्ह करणार असाल तर त्यानंतर निदान १८ तास विमान नको. आणि डाइव्हआधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मवर बीपी, दमा, जुनी ऑपरेशनं लपवू नका. ‘नाही’वर भराभर खुणा करून फॉर्म देणारे लोक आम्हाला खरंच काळजीत टाकतात.

पाण्याखाली प्रवाळावर पाय ठेवू नका. २०१० साली समुद्र तापून इथलं उथळ पाण्यातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं आणि पुष्कळ मेलं. मी आलो तेव्हा एलिफंटजवळ नुसते राखाडी ढिगारे होते. काही जागी आता बोटभर, वीतभर नवी फांदी आली आहे. एका माणसाच्या एका पावलाखाली ती जाते. सनस्क्रीनचा थर देण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट घ्या, ते उन्हालाही बरे. शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलून बॅगेत टाकू नका. प्रवाळ आणि कितीतरी शंख वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, विमानतळावर बॅगा तपासतात, आणि मुलाने हौसेने ठेवलेल्या एका तुकड्यासाठी बापाला उत्तरं देत उभं राहावं लागतं.

सँडफ्लाय नावाची बारीक माशी ओल्या वाळूत असते, चावली की आठवडाभर खाज येते. ओल्या वाळूवर लोळू नका, चटई घ्या, पायांना खोबरेल तेल चोपडा. खाजवलं की वाढतं. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा.

आता गाळायचं काय. पोर्ट ब्लेअरजवळचा कॉर्बिन्स कोव्ह, नॉर्थ बे, वंडूर आणि चिडिया टापू, चारही काढा. ते वाईट आहेत म्हणून नाही. नीलला जे दिसणार तेच नॉर्थ बेला गर्दीत दिसतं, आणि चिडिया टापूला जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो. जॉली बॉय हे बेट मात्र मनावर दगड ठेवून गाळतोय. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं ते बेट फार सुंदर आहे, प्लास्टिकला बंदी असल्याने स्वच्छही आहे. पण त्याला एक पूर्ण दिवस लागतो आणि तुमच्याकडे तो नाही. पुन्हा आलात तर पहिल्यांदा तेच करा. हॅवलॉकचं काळापत्थर एका पहाटेपुरतं ठेवा, रिक्षातून उतरून रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तरी दिसतं.

थोडक्यात असं बसवा. तृतीयेला उतरायचं, जेवून झोपायचं, तीनच्या सुमारास सेल्युलर जेल. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं सावरकर तिथे होते, आपल्याकडची बहुतेक माणसं त्यासाठीच येतात, तेव्हा तिथे घाई नको. त्या दिवशी बीच नाही. चतुर्थी-पंचमी नील, ओहोटीला पूल, भरतीला भरतपूर. षष्ठीला बोटीने हॅवलॉक आणि संध्याकाळी राधानगर. सप्तमीला सकाळी एलिफंट, संध्याकाळी परत राधानगर. अष्टमीला पहाटे काळापत्थर, मग बोटीने पोर्ट ब्लेअर, तिथे रात्र. नवमीला विमान. अकराऐवजी सहा बीच झाले. एखादी तिथी क्षय किंवा वृद्धी झाली तर एक दिवस इकडे-तिकडे होईल, बोटींच्या वेळाही बघाव्या लागतील.

तुमच्या नक्की तारखा आणि विमान किती वाजता उतरतं ते इथेच खाली लिहा. त्या दिवसांचं पत्रक काढून पुलाला किती वाजता निघायचं आणि भरतपूरला कुठल्या सकाळी जायचं, ते मी लिहून देतो.